बत्तीस संघ, ५९३ परार्ध वाटण्या

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये आज ३० संघ आहेत. प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो, म्हणजे मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत एकूण २,४३० सामने होतात. हे ३० संघ सहा गटांत, दर गटात पाच, असे बसवलेले आहेत. कुठलेही पाच संघ कुठल्याही गटात चालतील असं धरलं, तर ही वाटणी किती प्रकारे करता येईल?

उत्तर आहे १,२३,३७,८६,७५,०८,३०,३९,३७६. ही संख्या अठरा अंकी आहे. एकं, दहं, शतं म्हणत पुढे गेलं की भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली स्थानांची यादी अठराव्या स्थानावर, परार्धावर, थांबते. तीस संघांच्या वाटण्या त्या शेवटच्या स्थानापर्यंत पोहोचतात. त्या जवळजवळ सव्वा परार्ध आहेत.

आता यात फक्त दोन संघ वाढवा. ३२ संघ आणि चार-चारांचे आठ गट. वाटण्या होतात ५,९२,८७,२४,७७,६१,२५,७१,४०,६२५. ही संख्या वीस अंकी आहे, सुमारे ५९३ परार्ध. संघ दोनच वाढले, पर्याय मात्र ४८० पट झाले. सेकंदाला एक वाटणी तपासत बसलं, तर तीस संघांचं काम सुमारे ३९१ कोटी वर्षांत उरकेल. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं आहे, तेव्हा ते निदान तिच्या आयुष्यात बसतं. बत्तीस संघांच्या कामाला १ लाख ८७ हजार कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं धरलं, तर हा काळ त्याच्या १३६ पट आहे.

या हिशेबाला आत्ताच महत्त्व आलं आहे. मेजर लीगचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांचा कार्यकाळ जानेवारी २०२९ मध्ये संपतो आणि त्याआधी दोन नव्या संघांची शहरं ठरावीत, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखवली आहे. नॅशव्हिल, सॉल्ट लेक सिटी, पोर्टलंड, शार्लट, रॅली, मॉन्ट्रिऑल ही नावं चर्चेत आहेत. विस्तार झाला की भूगोल पाहून गट नव्याने पाडता येतील आणि प्रवास कमी होईल, असंही मॅनफ्रेड २०२५ मध्ये म्हणाले. १९०१ पासून समोरासमोर उभ्या असलेल्या नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीगचं त्यात काय होणार, ही बेसबॉलवर प्रेम करणाऱ्या माणसांची खरी काळजी आहे. ती काळजी मलाही वाटते. आणि पर्यायांची ही अवाढव्य संख्या त्या काळजीवर एक ठोस उत्तर देते, असं माझं म्हणणं आहे.

१६२ हा आकडा आला कुठून

१९०१ ते १९६० अशी साठ वर्षं संघ सोळाच होते, प्रत्येक लीगमध्ये आठ. त्यातली बहुतेक वर्षं ते सगळे मिळून अवघ्या दहा शहरांत राहत. एकट्या न्यू यॉर्कमध्ये तीन संघ होते आणि बॉस्टन, फिलाडेल्फिया, शिकागो, सेंट लुइस या शहरांत दोन-दोन. १९०३ ते १९५२ या अर्धशतकात एकाही संघाने गाव बदललं नाही. वेळापत्रकही सोपं होतं. सात प्रतिस्पर्धी, प्रत्येकाशी २२ सामने, एकूण १५४. एका लीगचा संघ दुसऱ्या लीगच्या संघाला गाठायचा तो फक्त वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम लढतीत.

१९६१ मध्ये अमेरिकन लीगने दोन संघ वाढवले आणि प्रतिस्पर्धी सातांचे नऊ झाले. १५४ ला नवाने भाग जात नाही. प्रत्येकाशी १७ सामने ठेवले तर घरचे आणि बाहेरचे सामने सारखे होत नाहीत. १८ ठेवले तर होतात, आणि ९ गुणिले १८ म्हणजे १६२. आज जो आकडा बेसबॉलच्या हाडीमासी खिळला आहे, तो या एका गुणाकारातून जन्मला. पुढच्या वर्षी नॅशनल लीगनेही न्यू यॉर्क मेट्स आणि ह्यूस्टन यांना घेऊन तोच आकडा स्वीकारला.

हंगाम आठ सामन्यांनी लांबला आणि त्या आठ सामन्यांनी खेळाच्या इतिहासातला एक मोठा वाद उभा केला. बेब रूथने १९२७ मध्ये १५४ सामन्यांच्या हंगामात ६० होम रन मारले होते. १९६१ मध्ये न्यू यॉर्क यांकीजचा रॉजर मॅरिस त्या विक्रमाच्या मागे लागला. १५४ सामने झाले तेव्हा त्याचे ५९ झाले होते. एकसष्टावा होम रन आला १ ऑक्टोबरला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी. तेव्हाचे आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी आधीच जाहीर केलं होतं की १५४ सामन्यांत विक्रम मोडला नाही, तर त्याची नोंद वेगळी होईल. मॅरिसच्या कष्टात तसूभर उणेपणा नव्हता, तरी पुढची कित्येक वर्षं त्याच्या विक्रमाकडे लोक संशयाने पाहत राहिले. दोन नव्या संघांनी एका जुन्या संघाच्या खेळाडूचं आयुष्य असं बदलून टाकलं.

४६२ पर्यायांत अटलांटा पश्चिमेला

१९६९ मध्ये संघ २४ झाले आणि पहिल्यांदा गट पाडले गेले. प्रत्येक लीगमध्ये बारा संघ, सहा पूर्वेला आणि सहा पश्चिमेला. बारा संघांचे सहा-सहाचे दोन गट पाडण्याचे फक्त ४६२ मार्ग आहेत. एक माणूस वही-पेन्सिल घेऊन बसला, तर सगळे तपासू शकेल. तरीही नॅशनल लीगमध्ये अटलांटा आणि सिनसिनाटी पश्चिम गटात गेले, तर शिकागो आणि सेंट लुइस पूर्व गटात. नकाशा उघडला की दिसतं, शिकागो आणि सेंट लुइस ही दोन्ही शहरं अटलांटाच्या पश्चिमेला आहेत. मालकांच्या वाटाघाटींपुढे रेखांश हरले.

ती रेषा २५ हंगाम तशीच राहिली आणि तिचा सगळ्यात मोठा फटका शेवटच्या हंगामात बसला. १९९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने १०३ सामने जिंकले, ५९ हरले. बेसबॉलमध्ये शंभर विजय म्हणजे भल्याभल्यांना न साधणारी मजल. पण त्यांच्याच पश्चिम गटात बसलेल्या अटलांटा ब्रेव्हजने १०४ जिंकले. तेव्हा फक्त गटविजेताच पुढे जात असे, त्यामुळे १०३ विजय मिळवणारा संघ घरी बसला. त्याच वर्षी कोलोराडो रॉकीज हा नवा संघ त्या गटात आला होता आणि ब्रेव्हजने त्याच्याशी झालेले तेराच्या तेरा सामने जिंकले होते. चुकीच्या जागी ओढलेली रेषा आणि नवखा संघ या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि फरक राहिला एका विजयाचा.

रेषेच्या कृपेचीही उदाहरणं आहेत. १९७३ मध्ये न्यू यॉर्क मेट्स ८२ विजय आणि ७९ पराभव एवढ्यावर आपल्या गटात पहिले आले आणि थेट वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्यापर्यंत पोहोचले. २००६ मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सने ८३ सामने जिंकून गट जिंकला आणि पुढे विजेतेपदही मिळवलं. १०३ विजयांना काहीच नाही आणि ८३ विजयांना जगज्जेतेपद, एवढी ताकद गटाच्या एका रेषेत असते. म्हणून ती ओढताना घाई नको.

दोन संघ हवेत कशाला

लोकसंख्येचा हिशेब मांडला की विस्ताराची मागणी समजते. १९६० च्या जनगणनेत अमेरिकेची लोकसंख्या १७ कोटी ९३ लाख होती आणि संघ सोळा. दर संघामागे १ कोटी १२ लाख माणसं. याच टप्प्यावर पहिला विस्तार झाला. १९९८ मध्ये अ‍ॅरिझोना आणि टँपा बे आले, संघ ३० झाले. त्यांतले दोन कॅनडातले होते, म्हणून २००० च्या जनगणनेचे २८ कोटी १४ लाख लोक २८ अमेरिकी संघांत वाटले तर दर संघामागे सुमारे १ कोटी येतात. त्यानंतर मॉन्ट्रिऑलचा संघ वॉशिंग्टनला गेला, पण नवा संघ एकही आला नाही. २०२० मध्ये लोकसंख्या ३३ कोटी १४ लाख झाली आणि अमेरिकी संघ २९, म्हणजे दर संघामागे १ कोटी १४ लाख. ज्या दाटीने १९६१ चा विस्तार घडवला, ती दाटी आता ओलांडली आहे. मधल्या सहा दशकांत चौदा नवे संघ येऊनही हिशेब पुन्हा तिथेच आला.

प्रवेशाची किंमतही याच चढणीवर आहे. १९६२ मध्ये मेट्सने १८ लाख डॉलर दिले होते. १९९८ च्या दोन्ही संघांनी प्रत्येकी १३ कोटी डॉलर दिले. आता बोलणी २०० कोटी डॉलरच्या वरची आहेत. प्रत्येकी २०० कोटीच धरले तरी दोन संघांचे ४०० कोटी तीस जुन्या मालकांत वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला १३ कोटींहून थोडे अधिक येतात. म्हणजे अ‍ॅरिझोनाला आत शिरायला जेवढे मोजावे लागले, तेवढे आता प्रत्येक जुन्या मालकाला नुसत्या वाटणीतून मिळतील. त्या बदल्यात सामाईक उत्पन्नातला त्यांचा हिस्सा ३.३३ टक्क्यांवरून ३.१२५ टक्क्यांवर येईल, आणि तो कायमचा.

खेळाडूंच्या बाजूने पाहिलं तर दर संघात २६ जण असतात, म्हणजे ५२ नव्या जागा. प्रत्येक मेजर लीग संघाच्या हाताखाली चार मायनर लीग संघ असतात, त्यांत आठांची भर पडेल. नवा संघ उभा राहतो तो जुन्या संघांकडून खेळाडू निवडून. १९९७ च्या निवडीत दोन्ही नव्या संघांनी प्रत्येकी ३५ खेळाडू उचलले होते. त्या सुरुवातीनंतर अ‍ॅरिझोनाने आपल्या चौथ्याच हंगामात, २००१ मध्ये, यांकीजना हरवून वर्ल्ड सीरिज जिंकली.

विषम संख्येचा त्रास

१९९८ मध्ये ३० संघ झाले तेव्हा दोन लीगमध्ये पंधरा-पंधरा असा सरळ न्याय होता. पण पंधरा ही विषम संख्या. लीगचे सामने लीगमध्येच खेळायचे, तर रोज एक संघ जोडीदाराविना राहतो. ते टाळायला मिलवॉकी ब्रूअर्स अमेरिकन लीगमधून नॅशनल लीगमध्ये गेले आणि रचना सोळा-चौदा झाली. परिणाम असा की २०१२ पर्यंत नॅशनल लीगच्या मध्य गटात सहा संघ होते आणि अमेरिकन लीगच्या पश्चिम गटात चार. एका गटात पहिलं येण्यासाठी पाच जणांना मागे टाकायचं, दुसऱ्यात तिघांना. २०१३ मध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजना अमेरिकन लीगमध्ये आणून पंधरा-पंधरा केलं, तेव्हापासून दोन लीगमधले सामने हंगामभर चालू ठेवावे लागतात. २०२३ पासून तर प्रत्येक संघ उरलेल्या २९ ही संघांशी खेळतो.

बत्तीस संघ झाले की हा तिढा सुटतो. सोळा-सोळाच्या दोन लीग आणि प्रत्येकीत चार-चारांचे चार गट. आता वेळापत्रक मांडून पाहा. गटातल्या ३ संघांशी प्रत्येकी १४ सामने, एकूण ४२. लीगमधल्या उरलेल्या १२ संघांशी प्रत्येकी ६, एकूण ७२. दुसऱ्या लीगच्या १६ संघांशी प्रत्येकी ३, एकूण ४८. बेरीज १६२. घरच्या मैदानावरचे सामने मोजले तर २१, ३६ आणि २४, बेरीज बरोबर ८१. कुठे अपूर्णांक नाही, कुणाला एक सामना कमी-जास्त नाही. यांकीज आणि मेट्ससारख्या एकाच शहरातल्या संघांना आपसांत थोडे जास्त सामने द्यायचे, तर तेवढे दुसरीकडून काढावे लागतील. तेवढी तडजोड सहज जमण्यासारखी आहे. एकूण सामने होतील २,५९२, आजच्यापेक्षा १६२ ने जास्त.

एवढे सामने तारखांवर बसवणं हे वेगळंच अग्निदिव्य आहे. १९८२ ते २००४ या काळात ते काम हेन्री आणि हॉली स्टीफन्सन हे जोडपं करत होतं. मैदानांवरचे इतर कार्यक्रम, विमानांच्या वेळा, सलग बाहेर राहण्याच्या मर्यादा सांभाळत त्यांनी वर्षानुवर्षं हंगाम उभे केले. याच वेळापत्रकातून २००१ मध्ये संशोधकांनी संगणकशास्त्राला एक प्रसिद्ध कोडं दिलं. सगळ्या संघांचा मिळून कमीत कमी प्रवास होईल असा क्रम शोधायचा. दहा-बारा संघांचं कोडंसुद्धा शक्तिशाली संगणकांना घाम फोडतं.

परंपरेची भिंत आणि उरलेली जागा

आता मूळ प्रश्न. भूगोलासाठी दोन लीग मोडाव्यात का?

सर्वांत जास्त प्रवास करणाऱ्या संघांत सिएटल मरिनर्सचं नाव दर वर्षी असतं. त्यांच्या आजच्या गटात टेक्सासचे दोन संघ आहेत. सिएटलहून रेंजर्सचं आर्लिंग्टन सुमारे २,७०० किलोमीटर आणि ह्यूस्टन सुमारे ३,००० किलोमीटर, जवळजवळ काश्मीर ते कन्याकुमारी. आणि या दोघांशी हंगामात प्रत्येकी १३ सामने. भूगोलवाल्यांची तक्रार शंभर टक्के खरी आहे.

पण उपायासाठी भिंत पाडायला हवीच असं नाही. आजचे पंधरा-पंधरा संघ आपापल्या लीगमध्ये ठेवा आणि दोन नव्यांपैकी एक इकडे, एक तिकडे द्या. असं बंधन घातल्यावर पर्याय उरतात १,३८,०८,८२,६२,८१,२५०, म्हणजे जवळजवळ १३ लाख ८१ हजार कोटी. मूळ संख्येशी तुलना केली तर परंपरेने पर्याय सुमारे ४३ लाख पटींनी कमी केले. सेकंदाला शंभर कोटी वाटण्या तपासणारा संगणक घेतला, तर बंधनाशिवायच्या कामाला १,८७९ वर्षं लागतील, आणि या बंधनात फक्त पावणेचार तासांहून थोडं अधिक. परंपरा सांभाळली की प्रश्न माणसाच्या आवाक्यात येतो आणि तरीही लाखो कोटी पर्याय शिल्लक राहतात.

त्यांतला एक मी मांडतो. अमेरिकन लीगला पोर्टलंड किंवा सॉल्ट लेक सिटी द्या. मग पश्चिम गट होतो सिएटल, लास व्हेगासला निघालेले अ‍ॅथलेटिक्स, अँजल्स आणि हे नवं शहर. पोर्टलंड सिएटलपासून अडीचशे किलोमीटरच्या आत आहे. सिएटलच्या टेक्सासवाऱ्या निम्म्याहून कमी होतात. दक्षिणेला ह्यूस्टन, टेक्सास रेंजर्स, कॅन्सस सिटी आणि टँपा बे. टँपाला न्यू यॉर्कपेक्षा ह्यूस्टन जवळ आहे. उत्तरेला मिनेसोटा, शिकागो व्हाइट सॉक्स, डेट्रॉइट, क्लीव्हलंड. पूर्वेला यांकीज, बॉस्टन, बाल्टिमोर, टोरांटो.

नॅशनल लीगला नॅशव्हिल द्या. दक्षिण गटात अटलांटा, मायामी, नॅशव्हिल, सिनसिनाटी. पूर्वेला मेट्स, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, पिट्सबर्ग, म्हणजे पेनसिल्व्हेनियाचे दोन जुने सोबती १९९३ नंतर पुन्हा एका गटात. मध्यात शिकागो कब्ज, कार्डिनल्स, ब्रूअर्स आणि रॉकीज. पश्चिमेला डॉजर्स, जायंट्स, पाद्रेज, अ‍ॅरिझोना. एकही जुना संघ लीग बदलत नाही. यांकीज आणि बॉस्टन एकत्र राहतात, कब्ज आणि कार्डिनल्स एकत्र राहतात, डॉजर्स आणि जायंट्स एकत्र राहतात.

कुणी म्हणेल, २०२२ पासून दोन्ही लीगचे नियम सारखे झाले, सगळे सगळ्यांशी खेळतात, मग भिंतीत उरलं काय? उरलं ते असं की वर्ल्ड सीरिजला दोन बाजू असतात. १९०३ पासून प्रत्येक शहराला माहीत आहे की आपण कुठल्या बाजूचे. मिलवॉकी आणि ह्यूस्टनच्या चाहत्यांना ती बाजू गमवावी लागली, आणि कारण होतं फक्त सम-विषम. बत्तीस संघ झाल्यावर ते कारणही उरत नाही.

आशेचा हिशेब

गट असावेतच का, याचंही उत्तर आकड्यांत आहे. सोळा संघ होते तेव्हा, सगळे तुल्यबळ धरले तर, एखाद्या संघाला पन्नास वर्षांत एकदाही विजेतेपद न मिळण्याची शक्यता सुमारे ४ टक्के होती. बत्तीस संघांत ती २० टक्क्यांवर जाते. म्हणजे नुसत्या योगायोगाने सहा-सात शहरांत एक अख्खी पिढी विजेतेपद न बघता म्हातारी होईल. क्लीव्हलंडचं शेवटचं विजेतेपद १९४८ चं आहे. कब्जनी १९०८ ते २०१६ अशी १०८ वर्षं वाट पाहिली.

गट हा या वाट पाहण्यावरचा उपाय आहे. १९६० मध्ये सोळांपैकी दोन संघ हंगामाअखेर आपला झेंडा फडकवत, साडेबारा टक्के. आज तीसपैकी सहा, वीस टक्के. आठ गट झाले की बत्तीसपैकी आठ, पंचवीस टक्के. लहान गटात दुबळा विजेता निघण्याचा धोका वाढतो हे खरं. म्हणून गटविजेत्याला हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, म्हणजे प्लेऑफमध्ये, जागा द्यावी, पण थेट पुढच्या फेरीचा आणि घरच्या मैदानाचा मान निव्वळ विजयांच्या संख्येवर ठरावा. मग ८३ विजयांचा संघ आशा बाळगू शकेल आणि १०३ विजयांच्या संघावर १९९३ सारखा अन्याय होणार नाही.

१९६९ च्या रेषा २५ हंगाम टिकल्या. १९९४ ची तीन-तीन गटांची रचना तीस वर्षांहून अधिक टिकली. नव्या रेषाही तेवढ्याच टिकल्या, तर त्यांच्या आत ३० हंगामांत ७७,७६० सामने खेळले जातील. १९६९ मध्ये ४६२ पर्यायांत मालकांनी आपापल्या सोयीचा पर्याय निवडला. आता हाताशी लाखो कोटी आहेत. त्यांत प्रवास कमी करणारी, जुनी वैरं जपणारी, कुणालाही आपली लीग सोडायला न लावणारी रचना आहे. ती न शोधता दोन लीग मोडल्या, तर त्याचा दोष गणितावर टाकता येणार नाही.